पेणचा ढेकण्या, रोह्याचा ढेकण्या

आमच्या घरात ढेकण्या हा शब्द जरा जपून वापरतात. कुणी चुकून उच्चारलाच तर लगेच विचारलं जातं, "कुठला? पाण्यातला की झाडावरचा?" एवढी सावधगिरी शिकायला आम्हाला काजूची बारा झाडं आणि सहा आठवड्यांचा अबोला खर्ची घालावा लागला. चूक सगळी माझी होती. आज मी हे सहज लिहून मोकळी होते आहे, पण तेव्हा कबूल करायचं माझ्या अगदी जिवावर आलं होतं.

माझं माहेर पेणच्या खारेपाटात. आमच्याकडे घरासमोर तळं आणि तळ्यात जिताडा मासा. जावई घरी आला की बाबा जाळं घेऊन तळ्यात उतरलाच म्हणून समजा. पावसाळ्यात तो खाडीतून जिताड्याची बोटाएवढी पिल्लं आणायचा आणि मोठ्या तळ्यात सोडण्याआधी शेजारच्या लहान खड्ड्यात वाढवायचा. या पिल्लांचा वैरी म्हणजे ढेकण्या. चपटा, तपकिरी, चिंचोक्याहून थोडा मोठा. डोकं खाली आणि शेपूट वर करून पाण्यातल्या काडीला लटकलेला असतो, शेपटाच्या टोकाने वरची हवा घेतो. बघणाऱ्याला वाटतं कुजकं पान आहे. पिल्लू जवळ आलं की पुढच्या दोन पायांच्या आकड्यांत धरतो, सोंड खुपसतो आणि आतलं सगळं पिऊन टाकतो. मागे नुसती कातडी तरंगते.

मी आठ वर्षांची असताना तो माझ्या बोटाला चावला. मी जी बोंब ठोकली ती चार घरांपलीकडे ऐकू गेली असेल. बाबाने बोट मिठाच्या पाण्यात बुडवून धरलं आणि मी रडता रडता त्याला बजावलं, "तू आत्ताच्या आत्ता त्याला मार!" तो हसत म्हणाला, "अगो, त्याला काय ठावं हे बोट कुणाचं हाय?" मला त्या हसण्याचा इतका राग आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. माझ्या नाकावर राग असतो तो तेव्हापासून.

मग लग्न होऊन मी रोह्याला आले. रोहे शहर नव्हे, कुंडलिका नदीच्या पलीकडचं गाव. सासऱ्यांची काजूची बाग, मधे मधे आंब्याची कलमं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात नवरा, सासरे आणि मी. नवरा कंपनीत शिफ्टला. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्या पहिल्या थंडीत एका सकाळी मामा बागेतून आले आणि ओटीवर बसता बसता म्हणाले, "ढेकण्या आलाय गो. यंदा लय हाय."

आता इथे ना तळं ना खड्डा. मग ढेकण्या कुठला? मला वाटलं, अंथरुणातला ढेकूण. आणि गादी तर माझ्या माहेरची, लग्नात आलेली! म्हणजे नवी सून ढेकूण घेऊन आली असंच हे सुचवताहेत की काय? माझे कान तापले. नवरा कामावर गेल्या गेल्या मी घरातल्या सगळ्या गाद्या, गोधड्या, उश्या अंगणात ओढून काढल्या, बाजा उन्हात उलट्या टाकल्या आणि एकेका फटीत उकळतं पाणी ओतत सुटले. मामा दुपारी जेवायला आले आणि दारातच थबकले. मी म्हटलं, "बघा आता. एक तरी ढेकूण सापडतो का ते बघा माझ्या गादीत!" त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग ते जे हसायला लागले ते खांबाला धरून खालीच बसले.

जेवण झाल्यावर त्यांनी मला बागेत नेलं आणि कोवळ्या फांदीचं पान उलटून त्यांचा ढेकण्या दाखवला. किडकिडीत, लांब तंगड्यांचा, लालसर अंगाचा, पोट काळं-पांढरं. पाठीवर बारीक टाचणी उभी रोवल्यासारखा काटा. डासाचा मोठा भाऊ म्हणून खपला असता. हा कोवळ्या पालवीत आणि मोहोरात सोंड खुपसून रस पितो. त्या दिवशी काही दिसत नाही. मग टोचलेल्या जागी तपकिरी डाग पडतो, तो काळा होतो आणि आठवड्यात आख्खा शेंडा जळल्यासारखा वाळतो. काजूच्या बोंडूवर, म्हणजे फळावर डाग, बीवर डाग.

मी शिवणकाम करते, गावातले निम्मे ब्लाऊज माझ्या मशीनखालून जातात. त्यामुळे माझं लक्ष आधी हत्याराकडे गेलं. दोघांकडे एकच हत्यार, सुई. एक मासा टोचतो, दुसरा मोहोर. दोघेही दातांनी चावत नाहीत, कुरतडत नाहीत, टोचून पितात. मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग भावकीच ती," आणि पुढे विसरूनही गेले. पण बाबाला सांगायचं राहूनच गेलं. म्हणजे पंचवीस वर्षं दोन घरांत मिळून दोन्ही ढेकण्ये ओळखणारी मी एकटी होते, आणि यात काही धोका आहे असं माझ्या कधी डोक्यातही आलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. मी एकुलती एक. बाबा एकटा राहायला लागला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. गेल्या दिवाळीच्या आधी तो संध्याकाळी तळ्याच्या बांधावरून घसरला आणि छातीभर पाण्यात गाळात पाय रुतून उभा राहिला. शेजारची काकू हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते, ती परत येताना तिला बाबाचं डोकं पाण्यावर दिसलं. तिने आणि तिच्या दिराने बाहेर काढला. काकूने मला फोन करून हे सगळं सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून पोरीसारखी रडले.

मी ठरवलं, बाबा आता आमच्याकडे राहील. माझी लेक पनवेलला नर्सिंग करते, तिची खोली रिकामी. पण बाबा कसला ऐकतोय! "लेकीच्या घरी दोन दिस पाहुणा म्हणून ठीक हाय गो. राहायला कोण जातंय?" मी चिडले, रुसले, नवऱ्याकडून बोलवलं. घोडं तिथंच अडलेलं. शेवटी काकूने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुजे सासरे बोलले तं येल तो. याह्याने बोलवायला नको?" खरंच, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? आमच्याकडे व्याह्याचा शब्द म्हणजे शब्द.

तर मार्गशीर्षात एका सकाळी मी बाबाला फोन लावला, "मामांशी बोल" म्हणाले आणि फोन मामांच्या हातात दिला. तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं. तिच्या भावाचं लग्न परवा आणि ब्लाऊजची बाही चुकलेली. मी आत मशीनवर जाऊन बसले. मला ऐकू येत होतं तेवढ्यावरून मामा हसून बोलत होते, म्हणून माझा जीव भांड्यात पडला.

ते बोलणं मी नंतर दोघांकडून तुकड्यातुकड्यांनी काढून घेतलं, ते असं. आधी तब्येत, मग ऊन-थंडी. मग मामा म्हणाले, "बाकी ठीक हाय, पण यंदा ढेकण्या लय आलाय."

बाबा खुलला. त्याला वाटलं व्याह्यांनी शेततळं खणलंय. "आमच्याकडं पन गेल्या पावसात लय होता. औषध नका मारू हां याही. साबण किसायचा, गोडेतेल घालायचं, घुसळायचं आनि ओतायचं."

"किती?"

"सढळ हातानं. वर साय धरली पायजे. साय धरली की त्याचा श्वास कोंडला म्हणून समजा."

"सकाळी की सांजचं?"

"भर उन्हात. उन्हात तेल चांगलं पसरतं."

पाण्यातल्या ढेकण्याचं हे अगदी बरोबर आहे. त्याला श्वासाला वर यावं लागतं, वर तेलाची साय असली की खेळ खलास. बाबा मासे सोडायच्या आधी खड्ड्यात हेच करायचा. पण मामांच्या ढेकण्याला कुठल्या पाण्यातून वर यायचंय? मामांचं फवारणीच्या औषधांच्या वासाने आधीच डोकं धरतं. व्याह्याने घरचा, बिनविषारी उपाय सांगितला म्हटल्यावर ते हरखले. शेवटी "या आता राहायला, पौषात येताय ना?" म्हणाले आणि बाबा चक्क "व्हय" म्हणाला! मी गिऱ्हाइकाच्या बाहीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी कापड आणायला रोह्याच्या बाजारात गेले होते. मामांनी साबणाच्या तीन वड्या किसल्या, डबाभर तेल घातलं आणि टळटळीत दुपारी घराजवळच्या बारा काजूंची नवी पालवी आणि मोहोर त्या मिश्रणाने न्हाऊ घातला. साय कुठे दिसेना म्हणून पुन्हा वरून ओतलं. मी आले तेव्हा झाडं लग्नातल्या करवल्यांसारखी चकचकत होती आणि मामा खुशीत होते. चौथ्या दिवशी सगळे शेंडे करपले. मोहोर काळा पडून हाताला लागला की चुरा होत होता. ढेकण्याने महिनाभरात केलं नसतं ते आमच्या तेलाने चार दिवसांत केलं.

मामा एका शब्दाने कुणाला बोलले नाहीत. बागेत जायचे, उभे राहायचे, परत यायचे. मला ते बघवेना. ती झाडं त्यांनी आणि सासूबाईंनी मिळून लावलेली. मी "काय मारलंत?" विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या क्षणी मला समजलं होतं की दोन ढेकण्यांची गफलत झाली आणि ती सोडवू शकणारी एकटी मी बाही उसवत बसले होते. पण स्वतःवर चिडण्यापेक्षा दुसऱ्यावर चिडणं सोपं असतं. मी तिथेच, मामांच्या समोर ओटीवर उभी राहून बाबाला फोन लावला.

"माहीत नसेल तर बोलू नये माणसाने!" मी ओरडले. "ती झाडं आहेत, तुमचं तळं नव्हे! बारा झाडांचा मोहोर जाळलात तुम्ही! लोक काय म्हणतील इथे मला?"

बाबा म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

त्यानंतर तो माझा फोन उचलायचा, पण "हाय बरा" यापलीकडे काही नाही. पौष आला. आम्ही गाडी घेऊन येतो म्हटलं तर म्हणाला, "नको. माझं इथं बरं हाय." मामांचा फोन तर उचलेचना. मी समजले, व्याह्याची झाडं जाळली म्हणून याला लाज वाटतेय. मामांनाही तेच वाटलं. काकूने सांगितलं, "रोज सांजचा बांधावर जातो गो. मी बोलले तं माझ्यावरच खेकसतो." संध्याकाळचे सहा वाजले की माझं मशीनवर लक्ष लागेना. एकदा तर मी एका गळ्याला दोनदा पट्टी लावली. तो पुन्हा घसरला आणि त्या दिवशी काकूला कामावर उशीर झाला तर?

माघी गणपतीच्या आदल्या रविवारी मामा सकाळीच बागेतून एक बरणी घेऊन आले. आत काजूची डहाळी आणि तिच्यावर तीन ढेकण्ये. झाकणाला भोकं पाडलेली. "चल," म्हणाले, "तुझ्या बापाला माझा ढेकण्या दाखवतो आणि त्याचा बघून येतो. एकदा नजरेखालून गेला की त्याच्या मनातून जाईल." एसटीत ती बरणी त्यांनी मांडीवर धरली होती. वाटेत गडब गावाच्या थांब्यावर चढलेल्या एका बाईने विचारलं, लोणचं का? मामा म्हणाले, "व्याह्यासाठी भेट."

बाबा तळ्यावरच होता. आम्हाला बघून गडबडला, पंच्याने हात पुसले, माझ्याकडे न बघता मामांना म्हणाला, "या याही, बसा, चहा टाकतो." मामा म्हणाले, "चहा मागून. आधी हा बघा," आणि बरणी त्याच्या हातात दिली.

बाबाने ती ऑपरेशन झालेल्या डोळ्यापाशी नेली. बराच वेळ फिरवून फिरवून बघितली. "ह्यो तुमचा ढेकण्या? अरे देवा. ह्याला तेलानं काय होनार?" मग जाळं घेतलं, काठच्या शेवाळातून ओढलं आणि एका तसराळ्यात आपला ढेकण्या काढून मामांसमोर ठेवला. त्या ढेकण्याची सगळी पाठ दाण्यादाण्यांनी भरलेली होती.

आणि मग दोघांचं जे सुरू झालं! मामा म्हणाले, "तुमचा तर गलेलठ्ठ हाय. दिसतो तरी. माझा चोर हाय, टोचून गेला तरी आठ दिस पत्ता लागत नाय." बाबा म्हणाला, "पन तुमच्या झाडाला पुढल्या साली मोहोर येतो ना? माझ्या पिल्लाची कातडी राहते, याही, कातडी!" मामा म्हणाले, "माझा उडून शंभर झाडं फिरतो." बाबा म्हणाला, "माझा पन उडतो, दिव्यावर येतो. पन हा नाय उडणार. हा नर हाय, मादीनं ह्याच्या पाठीवर अंडी घातलीत. फुटेस्तोवर पंख उघडता येत नाय त्याला."

"आणि माझ्याची मादी," मामा म्हणाले, "कोवळ्या देठात अंडी खुपसते नि जाते निघून. आई बघत नाय, बाप बघत नाय."

"म्हंजे कष्ट माझ्याचे जास्त," बाबा म्हणाला.

"नुकसान माझ्याचं जास्त," मामा म्हणाले.

मी मधे बसून हसत होते. वाटलं, झालं, सुटलं सगळं. बाबाने अंडीवाला ढेकण्या परत पाण्यात सोडला. "असा पाठ भरलेला मारवत नाय," म्हणाला. मामांनी संधी साधली. "याही, झालं गेलं. झाडं फुटतील पुन्हा, चूक ऐकणाऱ्याचीपण असते. लाज कसली धरता? चला आता आमच्याबरोबर."

बाबा म्हणाला, "झाडांची लाज नाय हो याही. तुमच्या पाया पडून माफी मागितली असती मी, दुसऱ्याच दिशी आलो असतो."

"मग?"

तो जाळ्यातलं शेवाळ काढत राहिला. मग माझ्याकडे न बघता, मामांनाच सांगितल्यासारखं बोलला. "ती मला तुम्ही म्हणाली. फोनवर. जाळलात तुम्ही, म्हणाली. जन्मात कधी नाय म्हणाली. लहानपणी रागावून चार चार दिस बोलायची नाय, तरी तूच म्हणायची. मी म्हटलं, तिच्या सासरी मी तुम्हीच असेन. मंग तिथं तुम्ही होऊन राहन्यापेक्षा इथं बरा."

मला आठवेना. खरंच मी म्हणाले होते? आणि मग आठवलं. समोर मामा होते, ओटी सासरची होती, आणि माझी जीभ आपोआप सासरची झाली होती. सहा आठवडे मी झाडांचा विचार करत होते, आणि माझा बाप एका शब्दापाशी बसून होता. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही. मी त्याच्या शेजारी ओल्या बांधावर बसले आणि सगळं सांगून टाकलं, की दोन्ही ढेकण्ये मला माहीत होते, फोन देऊन मी निघून गेले, चूक माझी होती आणि ओरडले मात्र तुझ्यावर.

बाबाने जाळं खाली ठेवलं. पंच्याने आधी माझं नाक पुसलं, मी आठ वर्षांची असल्यासारखं. मग अगदी हळू, मामांना ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "याह्यांच्या समोर पन मला 'तू' म्हनशील?"

मामांनी ऐकलं होतं. ते बरणी उचलून उगाच तिच्यात बघत उभे राहिले.

मी त्यांच्याकडे तोंड केलं आणि शेजारच्या काकूच्या घरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "बाबा, तू घरी चल."